रस्त्याचा नंबर काय?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित संपादित)

 

मी काही वक्ता नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. संयोजकांनी मला ‘तरुण आणि नागरी सहभाग’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. म्हणून मी तुम्हाला सव्वा किलोमीटरच्या एका रस्त्याची गोष्ट सांगतो. त्या निमित्ताने गावच्या रस्त्याचे पैसे कुठून येतात, ते कोण ठरवतं आणि मुख्य म्हणजे कधी ठरवतं, एवढं जरी आज तुमच्या लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

आमचं गाव कोकणात आहे. एसटी फाट्यावर थांबते. फाट्यापासून आत येताना आधी कुणबीवाडी, मग बौद्धवाडी आणि शेवटी आमचा मोहल्ला. मध्ये एक पऱ्ह्या आहे आणि त्यावर जुनी, खचलेली मोरी. उन्हाळ्यात त्याला रस्ता म्हणता येतं. जून ते सप्टेंबर तो नुसता तांबडा चिखल असतो. रिक्षावाला मोरीच्या अलीकडेच सोडून देतो.

माझ्या चाचांची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला गेली तेव्हा मोहल्ल्यातल्या सात मुली एकत्र जायच्या. बारावीला चार उरल्या. रस्ता हे एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण घरच्यांना ‘नको जाऊस’ म्हणायला रस्त्याइतकं सोपं कारण दुसरं नव्हतं.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी आलो. तो पावसाळा अंगावर आल्यावर मला वाटलं, आपण शिकलेले आहोत, काहीतरी केलं पाहिजे. मग मी मला जे येतं ते केलं. मोबाइलवर एक फॉर्म बनवला, पोरांना कामाला लावलं, एकशेचाळीस फोटो जमा केले, प्रत्येक खड्डा नकाशावर टाकला. बावीस पानांची सुंदर पीडीएफ तयार झाली. ती मी सगळ्या साहेबांना ईमेल केली. महिन्याने उत्तर आलं: आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आला आहे.

त्यानंतर वर्षभर काहीही झालं नाही.

शेवटी मी बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात जाऊन बसलो. तिथल्या एका वयस्कर लिपिकांनी माझी पीडीएफ शांतपणे चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, “रस्त्याचा नंबर काय?”

मी म्हटलं, “काका, नंबर कसला? आमच्या मोहल्ल्याचा रस्ता आहे.”

ते म्हणाले, “मग तो आमच्याकडे नाही.”

मला त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, इतक्या वर्षांत आम्हाला खरी माहिती देणारा तो पहिला माणूस होता. आमच्या धंद्यातही हेच आहे. ग्राहक फोनवर कितीही ओरडला तरी बिघाडाची नोंद झाल्याशिवाय तो कुणाच्या कामाच्या यादीत येत नाही. आमचा रस्ता कुणाच्याच यादीत नव्हता. आमचे आजोबा त्यावरून चालले, अब्बा चालले, पण सरकारी कागदावर तिथे रस्ताच नव्हता.

आता थोडी माहिती सांगतो. जरा कोरडी आहे, पण सगळी मेख इथेच आहे.

महाराष्ट्रात रस्त्यांच्या पायऱ्या आहेत. वर राष्ट्रीय महामार्ग, मग राज्य महामार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, मग इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत खाली ग्रामीण मार्ग. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. यातल्या प्रत्येक रस्त्याला नंबर असतो आणि तो राज्याच्या रस्ते विकास योजनेत नोंदलेला असतो. त्याशिवाय ग्रामपंचायतीच्या ताब्यातले रस्ते असतात. त्यांची नोंदवही म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर २३. आमचा रस्ता ना जिल्हा परिषदेच्या यादीत होता, ना नमुना २३ मध्ये. म्हणजे उद्या एखाद्या साहेबाला मनापासून पैसे द्यावेसे वाटले असते, तरी ते कशावर टाकायचे?

दुसरा प्रश्न, पैसे ठरवतं कोण? आपल्याला वाटतं आमदार ठरवतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी असतो, वर्षाला ५ कोटी रुपये. पण एका मतदारसंघात गावं किती, वाड्या किती, हिशोब करा. गावपातळीच्या रस्त्यांसाठी नियमित पैसा जिथून येतो ती जागा दुसरी आहे. तिचं नाव जिल्हा नियोजन समिती.

ही समिती कुणाच्या मर्जीने बनलेली नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ती संविधानात आली. अनुच्छेद २४३ झेडडी. त्याचा अर्थ साधा आहे: पंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपापल्या योजना करायच्या, समितीने त्या एकत्र करून सगळ्या जिल्ह्याचा विकास आराखडा बनवायचा. संविधान असंही सांगतं की समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य निवडून आलेले हवेत. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातूनच ते निवडायचे. महाराष्ट्राने यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. रोजचं काम जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून चालतं. हे कार्यालय तुमच्या कलेक्टर कचेरीतच असतं. आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत? मी हात वर करायला सांगत नाही, कारण तीन-चार वर्षांपूर्वी माझाही हात वर गेला नसता.

ही समिती जिल्हा वार्षिक योजना मंजूर करते. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात जिल्हा वार्षिक योजनांसाठी २०,१६५ कोटी रुपये ठेवले होते. त्यातून शाळाखोल्या, आरोग्य केंद्रं, पाणी, वीज आणि रस्ते. रस्त्यांसाठी दोन आकडे लक्षात ठेवा: ३०५४ आणि ५०५४. ही लेखाशीर्षं आहेत, म्हणजे सरकारी हिशोबातले कप्पे. ३०५४ हे मार्ग व पूल यांचं महसुली खर्चाचं शीर्ष, ५०५४ हे भांडवली खर्चाचं. जिल्हा परिषदेत जाऊन ‘आमच्या रस्त्याला पैसे द्या’ म्हटलं तर समोरचा माणूस फक्त मान हलवतो. ‘आमचा ग्रामीण मार्ग अमुक नंबरचा, ३०५४ च्या यादीत प्रस्ताव गेला आहे का?’ असं विचारलं की तो फाइल उघडतो. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आता वेळापत्रक. इथे आपण सगळ्यांत जास्त चुकतो. आपण आंदोलन कधी करतो? जुलै-ऑगस्टमध्ये, चिखलात उभे राहून. फोटोही छान येतात. पण त्या वर्षाची योजना त्याआधीच्या मार्च महिन्यातच बंद झालेली असते. साधारण क्रम असा असतो: नियोजन विभाग जिल्ह्याला कमाल खर्चाची मर्यादा कळवतो. हिवाळ्याच्या तोंडावर यंत्रणा आपापले प्रस्ताव देतात. छाननी होते. जानेवारीच्या सुमारास जिल्हा नियोजन समितीची बैठक होऊन आराखड्याला मंजुरी मिळते. मग राज्यस्तरीय बैठकीत जिल्हे वाढीव निधी मागतात. मार्चमध्ये अर्थसंकल्प. एप्रिलपासून नवं वर्ष. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता हवा असेल तर मागणी या पावसाळ्यानंतर लगेच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कागदावर पोचली पाहिजे.

आणखी एक शब्द सांगतो: दायित्व. नारळ फुटला, पाटी लागली आणि रस्ता मात्र झाला नाही, असं आपण पाहतो आणि म्हणतो, खाल्ले पैसे. कधी तसंही असेल. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. समजा एका कप्प्यात १० कोटी आले. मागच्या वर्षांच्या मंजूर कामांची ६ कोटींची देणी बाकी आहेत. ती आधी वजा होतात, उरतात ४ कोटी. जिल्हा परिषदेत अशा उरलेल्या रकमेच्या दीडपट नियोजन करण्याची पद्धत आहे. म्हणजे ६ कोटींची नवी कामं मंजूर होतात. पैसे ४ कोटींचे, कामं ६ कोटींची. राहिलेले २ कोटी पुढच्या वर्षाच्या दायित्वात. म्हणून ‘मंजूर झालं’ हा शब्द ऐकून पेढे वाटू नका. विचारा: प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक काय? निधी किती आला? काम चालू वर्षाचं की दायित्वातलं?

आता आमच्या गोष्टीकडे परत येतो.

लिपिक काकांनी सांगितलेला रस्ता लांबचा होता. आधी नमुना २३ मध्ये नोंद. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभेत मोहल्ल्यातून जायचं कोण? आमच्याकडे चाळिशीच्या पुढचे लोक म्हणायचे, “आपल्याला कोण विचारतो तिथे?” काही जण म्हणायचे, “साहेबांचा माणूस ओळखीचा आहे, तो करून देईल.” तो माणूस बारा वर्षं करून देत होता.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक निरीक्षण आहे. मुस्लिमांची वस्ती जास्त असलेल्या गावांत पक्के जोडरस्ते आणि एसटी थांबे यांची सोय कमी आढळते. तक्रार खोटी नाही. पण त्या अहवालाचं पान दाखवून माझ्या गावात खडी पडत नाही. भेदभाव होतो की नाही हे सिद्ध करायलाही आधी तुमची मागणी नोंदलेली लागते. मागणी नोंदलेली असेल तर तुम्ही विचारू शकता, शेजारच्या वाडीचा रस्ता झाला, आमचा का राहिला? मागणीच नसेल तर समोरचा म्हणेल, तुम्ही मागितला कधी? आणि त्यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

आम्ही ऑक्टोबर २०२१ च्या ग्रामसभेला गेलो. मोहल्ल्यातून नऊ जण, त्यात तीन बायका. माझी अम्मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसली. एक शहाणपण मात्र आम्हाला आधीच सुचलं होतं, आणि ते माझं नाही, चाचांचं. ते म्हणाले, “मोहल्ल्याचा रस्ता म्हणून मागू नका. फाटा ते मोहल्ला, व्हाया कुणबीवाडी आणि बौद्धवाडी, असा मागा. चिखल सगळ्यांच्याच पायाला लागतो.” ठरावाला सूचक कुणबीवाडीतले एक भाऊ होते, अनुमोदन बौद्धवाडीतल्या एका ताईंनी दिलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे ठराव लिहून घेतला. विरोध कुणी केलाच नाही. इतकी वर्षं ज्या विरोधाला आम्ही घाबरत होतो, तो खरं तर आमच्या मनातच होता.

पण नंतर गाडी अडली. कुठे? सरकारकडे नाही. रस्त्याचा एक तुकडा खासगी जमिनीतून जातो आणि ती जमीन आमच्याच मोहल्ल्यातल्या एका घराची. मालक कुवेतला. लेखी संमती हवी होती. “बघू, सुट्टीत आलो की देतो,” असं म्हणता म्हणता सात महिने गेले. सरकार आपली दखल घेत नाही असं आपण म्हणतो. या रस्त्याच्या उशिरातले सात महिने आमच्या स्वतःच्या खात्यावर आहेत. हे मी इथे मुद्दाम सांगतो आहे.

नोंद झाली. काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलं. उपविभागाच्या अभियंत्यांनी येऊन मोजणी केली, अंदाजपत्रक झालं, रस्त्याला नंबर मिळवण्याचा प्रस्ताव वर गेला. त्यात आणखी एक अडचण. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांची मुदत संपून तिथे प्रशासक बसले. म्हणजे ज्या चार-पंचमांश निवडून आलेल्या लोकांवर नियोजन समिती उभी राहायला हवी, ते लोकच नव्हते. आमच्या गटाचा जिल्हा परिषद सदस्यच नव्हता, तर आमची यादी मांडणार कोण? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोपर्यंत तीन वर्षं गेली. जिल्हा परिषदेची निवडणूक आपल्याला लहान वाटते. विधानसभेला आपण रात्री जागवतो आणि हिला मतदानालाही जात नाही. पण नियोजन समितीत तुमच्या रस्त्याचं नाव काढू शकणारा माणूस या निवडणुकीतून येतो.

आमच्या रस्त्याचं काय झालं? पहिल्या टप्प्यात दहा लाख मंजूर झाले. जेमतेम तीनशे मीटर झाले, तेही फाट्याच्या बाजूचे, म्हणजे कुणबीवाडीपर्यंत. मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, “बघा, त्यांचा झाला, आपला राहिला.” मी अंदाजपत्रक घेऊन घरोघर फिरलो. काम साखळीने होतं, शून्यापासून सुरू होतं आणि शून्य फाट्यावर आहे. दुसऱ्या टप्प्यात बौद्धवाडीच्या पुढे आलो. मोरी अजून बाकी आहे. रिक्षा आता मोरीपर्यंत चिखल न उडवता येते, पण थांबते तिथेच. चाचांची मुलगी डी.एड. करते आहे. तिच्या मागच्या मुली अजून मोरीवरून चालतात. म्हणून मी ही गोष्ट यशोगाथा म्हणून सांगत नाही. काम चालू आहे.

तुमच्यासाठी चार गोष्टी.

पहिली: या महिन्यात आपल्या रस्त्याचा नंबर शोधा. नमुना २३ पाहा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात विचारा. नंबर नसेल तर तिथूनच सुरुवात.

दुसरी: योग्य कप्पा शोधा. सगळं ३०५४ मधून होत नाही. दफनभूमीचा पोहोच रस्ता असेल तर जिल्हा योजनेतलं जनसुविधेचं अनुदान असतं. अजून न जोडलेल्या वस्तीसाठी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. सपाट प्रदेशात त्याला किमान ५०० लोकवस्ती लागते, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. तुम्ही नगरपालिका हद्दीत राहत असाल तर जिल्हास्तर नगरोत्थान आणि दलितेतर वस्ती सुधारणा या योजना नियोजन समितीतूनच येतात. तिथे तुमचा दरवाजा म्हणजे नगरपालिकेचा बांधकाम विभाग आणि तुमचा नगरसेवक.

तिसरी: माहितीचा अधिकार वापरा, पण भांडणाच्या सुरात नको. नियोजन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. तुमच्या तालुक्यातल्या मंजूर कामांची यादी आणि दायित्वाची यादी मागा. साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २००५ च्या या कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. काम चालू असताना दोन पोरं रोज तिथे उभी राहिली तरी डांबराची जाडी आपोआप वाढते.

चौथी: एकटे जाऊ नका आणि फक्त आपलेच लोक घेऊन जाऊ नका. रस्ता दोन टोकांना जोडलेला असतो. दुसऱ्या टोकावर कोण राहतं त्यांना आधी भेटा.

माझी ती बावीस पानांची पीडीएफ अजून लॅपटॉपमध्ये आहे. ती बनवायला मला तीन आठवडे लागले होते. ग्रामसभेचा ठराव अर्ध्या पानाचा आहे, भाऊसाहेबांच्या अक्षरात, आणि त्यात एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा आहे. रस्ता त्या अर्ध्या पानामुळे झाला.

येत्या ऑक्टोबरात आम्ही मोरीचा प्रस्ताव पुन्हा नेणार आहोत. इन्शाअल्लाह, त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी मला फोन करून आपल्या रस्त्याचा नंबर सांगेल.